टिटवीनं लावलेलं रान

मी खरं सांगतो तेव्हाही कोणी मानत नाही, आणि हे तर मुळीच मानणार नाही: बेला गावाजवळच्या आमच्या माळावर आज जे रान उभं आहे, ते एका टिटवीनं लावलं.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. वनखात्याचा रखवालदार फकिरा मोह, करंज, आवळ्याची पाचशे रोपं घेऊन रडकुंडीला आला होता. त्याआधी सलग दोन वर्षं त्यानं खात्याच्या कागदाबरहुकूम अशीच रोपं मृगाच्या दुसऱ्या दिवशी माळाच्या माथ्यावर ओळीनं लावली, आणि दोन्ही वर्षं त्यांच्या काड्या झाल्या.

"नागोरावदादा, हे शेवटचे," तो म्हणाला. "आता वाळले त या माळाले पुन्हा रोप भेटत नाई."

"तुहा कागद जुन्या पावसाचा हाय, बाबू," मी म्हणालो. "मृगातला पाऊस आता आर्द्रा सरल्यावर येऊन राह्यला. थांब, टिटवीले इचारतो."

त्या वर्षी टिटवीनं नाल्याच्या पार तळाशी अंडी घातली होती. म्हणजे पूर येणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक. मी कान लावला. ती म्हणाली, "माथा सोडा. नाल्याच्या वळणाला लावा, दगडाच्या आडोशाला."

आर्द्रा सरेपर्यंत आम्ही रोपं गोठ्याच्या सावलीत जगवली. मग लावायला गेलो, तर फकिरा जरा वर सरकला की टिटवी किंचाळायची, "काऊन रे, डोये फुटले का? खाली लाव, खाली!" खड्डा किती खोल हवा, तेही तिनं आत उतरून गुडघ्यापर्यंत मोजून दाखवलं.

चारशे रोपं जगली! पुढल्या वर्षी तिनं अंडी बांधावर घातली, आम्हीही वर सरकलो. असं पाच वर्षं, तिच्या मागं मागं, माळ चढत गेलो.

शेवटी उटनूरहून वनखात्याचे मोठे साहेब पाहायला आले. म्हणाले, "हा बेत कोणाचा?" मी बोट वर केलं. नाल्याकाठच्या जुन्या करंजावर टिटवी बसली होती, पायावर पाय टाकून, आणि...

"भावजी!" इतका वेळ इथंच पाखडत माझी गोष्ट ऐकत बसलेल्या माझ्या थोरल्या भावजयीनं, तुळजाबाईनं, हातातलं सूप खाली आपटलं. "टिटवी जल्मात झाडावर बसत नाई! त्या करंजावर शेंगा पाडाले मी चढली होती. अन् फकिराले 'खाली, खाली' म्हणून कोन बोंबलत होतं, तेबी सांगा आता!"