जिन्याखालची तोंडी परीक्षा

संजूने लाल प्लास्टिकच्या खुर्चीची पाठ धरली, दुलीचंद पुढच्या पायांशी वाकला, पण खुर्चीत बसणारीच बसेना. भूमेश्वरी कुबड्या टेकून जिन्यापाशी उभी होती.

"बस ना वं. वर परीक्षा सुरू होऊन राहिली," संजू म्हणाला.

"मी नाही येत वर. परीक्षकाले खाली बोलवा."

दुलीचंद हसला. त्याला वाटले, थट्टा चालली आहे. दोन वर्षे हे दोघे वर्गमित्र तिला असेच उचलून विशेष शिक्षणाच्या बी.एड.च्या वर्गात नेत होते. आमगावहून गाडीने गोंदियाला यायची ती एकटी. फलाट, रिक्षा, सगळे निभावायची. घोडे अडायचे ते कॉलेजच्या जिन्यापाशी. कॉलेजच्या माहितीपत्रकात खुर्चीत उचललेल्या तिचाच फोटो होता, खाली 'सर्वसमावेशक शिक्षण'. फोटोत तिने खुर्चीचे हात घट्ट धरले होते आणि तोंड फिरवले होते. आईने तो कौतुकाने कपाटावर चिकटवला, त्या दिवशी भूमेश्वरी जेवली नव्हती.

आजची तोंडी परीक्षा विशेष शिक्षणाच्या सैद्धांतिक पायावर होती. जुना विचार म्हणतो, उणीव मुलात आहे, मूल दुरुस्त करा. नवा म्हणतो, उणीव शाळेत आहे, शाळा दुरुस्त करा. हे उत्तर द्यायला खुर्चीत बसून वर जायचे, या विचाराने तिला आधी हसू आले आणि मग संताप आला.

तिचे प्राध्यापक पटले सर धावत खाली आले. हा नवा विचार त्यांनीच शिकवला होता, तोही वरच्या मजल्यावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरे काय!

"काय लावलं हे? परीक्षक सर नागपूरहून आले आहेत. गैरहजर लावतील. साल जाईल तुझं."

"जाऊ द्या, सर."

म्हणाली खरी, पण साल घालवणे तिला परवडणारे नव्हते. वडील आधीच शिक्षण पुरे म्हणत होते, आणि आमगावच्या शाळेतली विशेष शिक्षिकेची जागा तिच्यासाठी वर्षभर रिकामी राहणार नव्हती.

"ही पोरं नेतात ना तुले? कधी पाडलं काय?" सर चिडून बोलीवर आले.

"नाही पाडलं. पण तुम्हीच शिकवलं ना सर, उणीव पायात नाही, जिन्यात आहे म्हणून? मंग जिन्याले काऊन काही म्हणत नाही? मलेच काऊन म्हणता, बस?"

"ते थिअरी आहे वं!"

"मंग परीक्षा कायची आहे?"

सर तरातरा वर गेले. थोड्या वेळाने वरून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती जागची हलली नाही. पुन्हा पुकारा झाला. संजू कुजबुजला, "अजून टाइम आहे, भूमे." तिने कुबडीवरची मूठ आणखी आवळली.

मग जिन्यात पावले वाजली. एक पाय खाली, दुसरा त्याच्या शेजारी, मग थांबणे. कठडा नव्हताच, म्हातारे परीक्षक भिंतीला तळवा लावून उतरत होते, मागे पटले सर. आता बोलणी खायची, म्हणून भूमेश्वरी ताठ उभी राहिली. परीक्षक लाल खुर्चीत बसले आणि बराच वेळ गुडघे दाबत राहिले.

"सकाळी चढतानाच जीव गेला होता," ते म्हणाले. "लाजेपायी बोललो नाही. हं, तुला बसायला आहे का काही?"

दुलीचंदने बाक ओढून आणला. परीक्षकांनी तिला अजिबात सूट दिली नाही. एका प्रश्नाला ती अडली, एका उत्तरावर दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी त्यांनी मान हलवली आणि गुण मांडले.

"चला सर, बाकीची मुलं वर बसली आहेत," पटले सर अदबीने म्हणाले. "तुम्ही उठू नका. ही पोरं नेतात उचलून, त्यांना सवय आहे."

संजू आणि दुलीचंद तत्परतेने पुढे झाले. संजूने पाठ धरली, दुलीचंद वाकला. खुर्ची जमिनीपासून जराशी सुटली मात्र, परीक्षकांनी खुर्चीचे हात दोन्ही मुठींत घट्ट धरले. त्यांचे तोंड लालबुंद झाले आणि एका बाजूला फिरले. तिथे बाकावर भूमेश्वरी बसली होती.

"खाली ठेवा," ते म्हणाले. "सगळ्यांना इथेच पाठवा. मी वर येत नाही."