एकोणीस पानांची प्रश्नावली

तुळसाताईंनी प्रश्नावलीची पानं चाळली आणि ती परत ऐश्वर्याच्या हातात दिली.

"एकोणीस पानं. मागच्या वेळेला चौदाच होती."

"मागच्या वेळेला?" ऐश्वर्याने विचारलं.

"तुम्ही सहाव्या, मॅडम. पाच जण येऊन, विचारून, पोरांचे फोटो काढून गेले."

ऐश्वर्या ठाण्याच्या एका खासगी विद्यापीठात संशोधन सहायक होती. तिथल्या पदव्युत्तर विभागात समाजधोरणाचं एक संशोधन केंद्र होतं आणि या वर्षीचा विषय होता, शहरी अंगणवाड्या. बाळकुमहून रिक्षा, मग लोकल, मग शहाडला उतरून वीस मिनिटं चालत ती नदीकडच्या या वस्तीत आलेली. एका खोलीची अंगणवाडी, अठ्ठावीस मुलं, आणि सगळ्यांना मिळून एकट्या तुळसाताई. मदतनिसाची जागा दोन वर्षं रिकामी होती.

"दीड तास लागेल," ऐश्वर्या चाचरत म्हणाली.

"मग दीड तास पोरं कोण बघणार? तुम्ही?"

शेवटी ऐश्वर्या मुलांच्या मधोमध मांडी घालून बसली. एक मुलगी तिच्या ओढणीशी खेळत होती, दोघं तिच्या पेनासाठी भांडत होते, आणि तुळसाताई खिचडी वाढता वाढता उत्तरं देत होत्या. तेवढ्यात धनेश नावाच्या चार वर्षांच्या पोराला शी लागली. तुळसाताईंनी हातातला वाढायचा डाव खाली ठेवला, बादली उचलली, समोरच्या कांताच्या घरून पाणी भरून आणलं. त्या मागच्या संडासाकडे निघाल्या आणि नेमका सत्तेचाळिसावा प्रश्न आला. ऐश्वर्याने तो वाचला आणि वाचतानाच तिला लाज वाटली.

"स्वच्छतागृहात पाण्याची सोय आहे का? आहे, नाही, लागू नाही."

तुळसाताई बादली घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"तुम्हीच बघून लिहा ना. रस्ता खणला तेव्हा पाइप तुटला, चार वर्षं झाली. दर वेळेला 'नाही' लिहून नेता. नेऊन करता काय त्याचं? लोणचं घालता?"

तिने 'नाही'वर खूण केली.

दुसऱ्या दिवशी तिने केंद्रातलं जुन्या अहवालांचं लोखंडी कपाट उघडलं. पाचांपैकी तीन सर्वेक्षणं त्यांच्याच केंद्राची निघाली. तीच वस्ती, तीच अंगणवाडी, तिन्ही तक्त्यांत तेच 'नाही'. तिसऱ्या अहवालाची तर पानंही एकमेकांना चिकटलेली होती. छापून आल्यापासून कुणी उघडलाच नव्हता. तिन्ही अहवाल घेऊन ती सुश्रुत सरांच्या खोलीत गेली. सर केंद्राचे संचालक होते.

"सर, हा प्रश्न आपण त्याच बाईंना चौथ्यांदा विचारतोय."

"मग उत्तमच की! कालानुरूप तुलना करता येईल. असा डेटा सहसा मिळत नाही."

"तुलना कसली, सर? दर वेळी 'नाही'च आहे. आपण हे वॉर्ड ऑफिसला कळवलं का कधी?"

"शिफारशींमध्ये नमूद केलेलं आहे."

"अहवाल पाठवला कुणाला?"

"आपल्या संकेतस्थळावर उपलब्ध आहे." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ ऐश्वर्या, आपण संशोधन करतो. नळदुरुस्ती करत नाही."

ती अहवाल उचलून बाहेर आली. कुणीतरी कामचुकारपणा केला असता तर निदान त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. इथे तर सगळ्यांनी आपापलं काम चोख केलेलं.

त्याच आठवड्यात तिने एक दिवसाची रजा टाकली, एक पानी अर्ज टाइप केला आणि तुळसाताईंना घेऊन वॉर्ड ऑफिसात गेली. तुळसाताई यायला तयारच नव्हत्या. "मी अर्ज दिलेला गं, आमच्या सुपरवायझर मॅडमकडे. त्या म्हणाल्या, वर पाठवलाय. वर म्हणजे कुठे, देवाला ठाऊक." मुलांपाशी कांताला बसवून त्या कशाबशा निघाल्या.

पाणी खात्याच्या टेबलावर तानाजी नावाचे कारकून होते. त्यांनी अर्ज वाचला आणि मान हलवली.

"आमच्याकडे हे आलेलंच नाही. आणि जागा कुणाच्या नावावर आहे? मालकाचं ना-हरकत पत्र लागेल. ते आणा, मग बघू."

"म्हणजे चार वर्षं एका सहीसाठी?" ऐश्वर्याचा आवाज चढला.

"माझ्यावर कशाला ओरडता, ताई? मला आज कळतंय."

खोली राघोकाकांची होती. वस्तीतले जुने जमीनवाले, घर अंगणवाडीपासून चाळीस पावलांवर. ओट्यावर बसून त्यांनी कागद लांब धरून वाचला, सही केली आणि मग एकदम भडकले.

"एवढाच होता? मना कोनी इचारलाच नाय! तुमचे लोक याच ओट्यावर चाय पिऊन गेले. किती शिकला, घरात मानसा किती, टीवी हाय का, सगला इचारला. नलाचा एक शब्द नाय!" मग तुळसाताईंकडे वळून म्हणाले, "आन् तू गो? रोज माझ्या डोल्यांदेखत बादली नेतेस, तुला तोंड नाय?"

"मला वाटलं तुम्हाला दिसतंय," तुळसाताई म्हणाल्या.

"मना वाटला तुला कांताकडचा पानी गोड लागतो!"

तुळसाताई आधी रागावल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. ऐश्वर्याला मात्र हसू येईना. तिला तिथेच ओट्यावर बसून रडावंसं वाटत होतं.

पुढे वॉर्ड ऑफिसच्या आणखी तीन फेऱ्या झाल्या. एकदा साहेब नव्हते, एकदा प्लंबर नव्हता, एकदा खणायची परवानगी नव्हती. सातव्या आठवड्यात तुळसाताईंचा फोन आला. मागून पाण्याचा आणि पोरांच्या किंकाळ्यांचा आवाज येत होता. "ऐक, ऐक नुसतं! सगळी भिजलीत मेली. नळ बंदच करू देईनात!"

ही बातमी सरांपर्यंत पोचली. त्यांनी तिला बोलावून घेतलं. ते खरोखरच खूश होते.

"वार्षिक अहवालात 'प्रभाव' म्हणून एक प्रकरण असतं. दर वर्षी तिथे काय लिहावं हा प्रश्नच पडतो. नळाचा फोटो मिळेल का? मुलांसकट?"

"तुळसाताईंना विचारते, सर. त्या हो म्हणाल्या तर."

"आणि तू ते रजा टाकून केलंस, तेवढं लिहायला नको."

"मग काय लिहायचं?"

सर "बघू," म्हणाले आणि फोन उचलला.

ऐश्वर्या जागेवर परतली. या वेळच्या सर्वेक्षणात एकेचाळीस अंगणवाड्या होत्या. तिने सत्तेचाळिसाव्या प्रश्नाचा रकाना चाळून पाहिला. शहाडची सोडून तेवीस 'नाही'. तिचं कंत्राट मार्चअखेर संपत होतं आणि तोवर रजा उरल्या होत्या चार. तेवीस भागिले चार कसेही केले तरी जमेनात. तिने तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली, पहिल्या अंगणवाडीच्या सेविकेचा नंबर शोधला आणि फोन लावला.

"नमस्कार ताई. नाही, नाही, प्रश्न विचारायचे नाहीत. एवढंच सांगा, तुमची जागा कुणाच्या नावावर आहे?"