खालचा बांध

मसऊदाने सांडव्यावरचा निखळलेला दगड टाचेने दाबून बसवला आणि मान वर केली. तिच्या मेलेल्या दिराचा मुलगा बिलगासम घराचं दार पाठीवर घेऊन चढण चढत होता.

मतमाताच्या डोंगरात दार काढून नेलं की घर मिटलं. दुष्काळात अशी कितीतरी दारं याच वाटेने गेली होती.

“दार कुठे निघालं?”

“ट्यूनिसला, काकू. तिथे बेकरीत काम धरलंय, त्यांना फळ्या लागतात.”

“बरं आहे. इथे वारा अडवत होतं, तिथे उंदीर अडवील.”

तो हसला. दार दगडाला टेकवून त्याने घाम पुसला.

“यंदा हिवाळाभर पाऊस झाला म्हणे. बाबांचा बांध वाहून गेला असेल. बघायचं धाडसच होईना.”

“बघून तर ये. दाराला काही पाय फुटत नाहीत.”

तो ओढ्याच्या वळणामागे गेला आणि पोरासारखा धावत परत आला.

“काकू, एक दगड हलला नाही! माती अजून ओली आहे. आणि ते वाळकं ऑलिव्ह, त्याला मोहर आलाय. काय माणूस होता आमचा बाबा!”

मसऊदा हातावरचा चिखल खरवडू लागली. कोरड्या आभाळाखाली ती गाढवावरून माती वाहायची तेव्हा गाव म्हणायचं, मसऊदा ढगांना लाच देतेय. आधी तिने आपला बांध सावरला, मग खालचा. खाली माणूस नसला तरी वरून पाणी उतरणारच होतं. दगड कमी पडले तेव्हा घरातली फुटकी भांडी ठेचून भरली होती. सगळं जिभेवर आलं. पण याला बाप इतका मोठा कधी वाटला होता?

“अम्मारचा हातच तसा होता,” ती म्हणाली.

बिलगासम पुन्हा बघायला गेला. तिची भाकरी, तेल, कांदा खाऊन झाला तरी परतला नाही. शेवटी तीच वळणापर्यंत गेली आणि थबकली.

तो सांडव्यापाशी उकिडवा बसला होता. तळहातावर मातीच्या परळाचा तुकडा होता, त्यावर निळ्या माशाची शेपटी. आई आजारी असताना तो काकूकडे याच परळात जेवायचा. तळाचा मासा दिसेपर्यंत कुसकुस खाल्ला पाहिजे, ही तिची अट.

त्याने तुकडा सदऱ्याला पुसला. मासा आतल्या बाजूला करून होता तिथेच खोचला आणि टाचेने दाबून बसवला.

मसऊदा आल्या पावली परतली. थोड्या वेळाने तो आला तेव्हा ती आपल्या सांडव्यावर पाठ ताठ करून बसली होती.

“काकू, फावडं आहे का? बाबांच्या बांधाला एक फट पडलीय.”

“आहे. दांडा ढिला आहे पण.”

“ठोकून घेतो.”

त्याने दार पाठीवर घेतलं, फावडं काखेत मारलं आणि उतार धरला.

“चौकट झाडून मग बसव रे,” ती मागून म्हणाली. “विंचू असतात.”