सावली मानवणारी

मी बोलतेय, जमिनीला बिलगून पसरणारी एक वेल. उंच व्हायची मला हौस नाही, पण एका जागी स्वस्थ बसणं माझ्या मुळातच नाही. मला सावली लागते आणि आंबट, म्हणजे आम्लधर्मी माती. इतर झाडं जिथं नाक मुरडतात, तिथं मी सुखानं पसरते.

रोपवाटिकेतल्या कुंडीत माझी मुळं गोल गोल फिरून गुदमरली होती. चिमीनं मला तिथून उचललं. नवऱ्याचं घर सोडून ती नुकतीच थोरल्या भावाकडे आली होती. त्याच्या घरामागे पाइनच्या झाडाखाली एक ओसाड पट्टा होता. गळलेल्या सुयांनी माती आंबट झालेली, तिथं गवतसुद्धा रुजत नव्हतं. हाताला काही काम हवं म्हणून तिनं तो खणला आणि मला लावलं.

भाऊ म्हणाला, "चिमे, इथं काही जगत नाही. मी फरशी घालणार आहे."

"नाहीच जगलं तर घाल, दादा."

मग ती सारखी यायची. बसायची, उठायची, पुन्हा बसायची. तिचाही पाय कुठं ठरत नव्हता.

तिच्या नकळत वहिनी मला शेगडीतली राख घालायची. माया होती ती; पण राखेनं मातीचा आंबटपणा मरत गेला. माझी पानं पिवळी पडली, नुसत्या शिरा हिरव्या राहिल्या. ओरडावं तर तोंड नाही, पळावं तर पाय नाहीत! नुसती तगमग.

एका सकाळी चिमीनं बॅग भरली.

"वन्सं, कुठं निघालात?" वहिनीनं दार अडवलं.

"बघेन कुठंतरी. ते रोपही जगेना, वहिनी. मी तरी काय रुजणार इथं?"

"असं कसं? रोज राख घालतेय मी त्याला!"

"राख?" चिमी मटकन पायरीवर बसली. "अहो, त्याला आंबट माती लागते! राखेनंच मरतंय ते."

वहिनीचा चेहरा उतरला. "मला वाटलं, ते जगलं तर तुम्ही राहाल."

चिमीनं बॅग बाजूला सारली आणि खुरपं घेतलं. दोघींनी मिळून राखेची माती उपसली, कुजलेल्या पानांची काळी माती भरली. हळूहळू माझा रंग परतला.

चिमी मात्र कायमची राहिली नाही. काम मिळालं, तिनं स्वतःची खोली घेतली. जाताना माझा एक तुकडा मुळासकट घेऊन गेली. तो कसा आहे, कुणास ठाऊक! रविवारी ती येते, तेव्हा दोघी माझ्याशेजारी बसून तासभर बोलतात.

मी आता कुंपणापर्यंत पोचलेय. पलीकडे रणरणतं ऊन आहे, ते मला सोसणार नाही. तरी माझी टोकं तिकडेच सरकतात. मला ओढून आवरू नका. सावलीत आलात, तर पाऊल तेवढं जपून टाका.