एकोणीस ते चोवीस

बेअरिंग शाफ्टवर दाबून बसवावं लागतं. चाँदपाशाच्या हातातलं बेअरिंग मात्र शाफ्टवरून सरकत, कुठेही न अडता, खाली जाऊन टेकलं.

त्याने ते काढून पुन्हा घातलं. पुन्हा तसंच. शाफ्ट बारीक झाला होता, आणि शाफ्ट त्याने स्वतः, आत्ताच, तीनदा मोजून कातला होता.

धाराशिवच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं लेथवर काढलेला हा माणूस. पाणबुडी मोटारींची कामं घेऊन येणारे शेतकरी त्याच्या पाठीमागे त्याला ‘तीनदा चाँदपाशा’ म्हणत, कारण तीनदा मोजल्याशिवाय तो कुठलाही नग हातावेगळा करत नसे. त्याच्या हातचं काम परत आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

आज त्याचा रोजचा मायक्रोमीटर, जाडी मोजायचं हत्यार, दुरुस्तीला गेला होता. म्हणून त्याने कपाटातला चांगला काढला होता, हैदराबादच्या कामासाठी मुद्दाम आणलेला. त्याने त्याचं तोंड पूर्ण मिटवलं आणि चष्मा वर करून डोळ्यांजवळ धरलं. शून्यावर यायला हवी ती रेघ तीन घरं पुढे होती. म्हणजे तीन शतांश मिलिमीटर जास्त माप.

त्याने तोंड पुन्हा मिटवून पाहिलं. रेघ तिथेच होती.

हैदराबादचं काम म्हणजे रॉकेटचं. तिथल्या एका खासगी कंपनीने छोटं, स्वस्तातलं रॉकेट बांधलं होतं. त्यातल्या झडपांत बसणाऱ्या स्टीलच्या कड्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या, चाँदपाशाने कातल्या होत्या. एकूण चोवीस. प्रत्येकीवर त्याने स्वतः सुईने नंबर कोरला होता. चार महिन्यांपूर्वी कड्या गेल्या, आणि परवाच पेपरात मालक सिद्धेश्वर आणि त्याचा फोटो छापून आला होता. रॉकेट उद्या सकाळी अकराला श्रीहरिकोट्याहून उडणार होतं.

कड्या कातताना हाच मायक्रोमीटर पडल्याचं त्याला लख्ख आठवलं. सकाळी शून्य तपासून त्याने काम सुरू केलं होतं. दुपारी अठरा कड्या झाल्या, आणि कोपर लागून मायक्रोमीटर टेबलावरून फरशीवर गेला. त्याने उचलला, पुसला. कुरियरवाला संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता आणि सहा कड्या अजून बाकी होत्या. पुन्हा शून्य तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट त्याने घेतलं नाही. पुढच्या सहा कड्या त्याने त्यावरच मोजल्या. तीनदा.

एकोणीस ते चोवीस.

सिद्धेश्वर केबिनमध्ये फोनवर होता. कुठल्याशा शाळेचे लोक उड्डाण बघायला उद्या वर्कशॉपमध्ये मोठा पडदा लावायचा म्हणत होते. चाँदपाशा दारात उभा राहिला, आणि फोन संपल्यावर त्याने सगळं सांगितलं. सिद्धेश्वरने मायक्रोमीटर हातात घेतला, दोनदा मिटवून पाहिला आणि टेबलावर हळूच ठेवला.

“चाचा, त्यांनी तपासल्या असतील की.”

“दहा तपासल्या होत्या म्हनं. बाकीच्या आपल्या मापाच्या कागदावर भरवसा ठिवून घेतल्या. त्या कागदावर माझी सही हाय.”

“रॉकेटात किती लागतात?”

“दोन.”

“चोवीसातल्या दोन. त्या सहातलीच एखादी लागली असंल असं थोडंच हाय?” सिद्धेश्वरला स्वतःचंच बोलणं पटत नव्हतं. तो उठला, दार लोटून आला. “ऐका माझं. आता सांगितलं तर उद्याचं सगळं थांबंल. आपल्यामुळं. परत आपल्याला कोन विचारनार न्हाय. आन् न सांगता नीट उडलं, तर?”

“आन् न्हाय उडलं तर?”

सिद्धेश्वर पुन्हा खुर्चीत बसला. “मला भ्या वाटायलंय चाचा,” तो म्हणाला. “तुमी घरी जावा. जेवून या. मग बघू.”

चाँदपाशा सायकल हातात धरून चालत घरी गेला. वाटेत नाक्यावरच्या पानवाल्याने हात केला, “चाचा, उद्या सोडताय व्हय रॉकेट?” त्याने नुसता हात वर केला आणि सायकल पुढे ढकलली.

लहानपणी तेरखेड्याला मामाकडे असताना त्याने फटाक्यांची एक शेड उडालेली पाहिली होती. कारण काय, तर म्हणे दाराच्या फटीतून आत आलेली एक ठिणगी. तेवढ्याने पत्रे दोन शेतं पलीकडे जाऊन पडले होते. मामा त्या दिवशी गावाला गेले होते म्हणून वाचले. त्यांच्या जागी कामाला बसलेल्या माणसाचं नावसुद्धा चाँदपाशाला आता आठवत नव्हतं. या रॉकेटात माणूस नव्हता, पण सहा छोटे उपग्रह होते, आणि त्यातला एक कुठल्याशा कॉलेजातल्या मुलींनी तीन वर्षं खपून बनवलेला होता. पेपरात त्यांचाही फोटो होता, त्याच्या फोटोच्या खालीच.

जमिलाबीने ताट वाढलं. त्याने भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

“क्या हुआ जी?”

त्याने बायकोला सांगितलं. मायक्रोमीटर तिला कळत नव्हता, पण नवऱ्याचा चेहरा कळत होता.

“सांगितलं तर काय करतील तुमाला?”

“काय न्हाय. काम काढून घेतील. लोक हसतील.”

“मग एवढं कशाचं भ्या?”

“चौतीस वर्सं लोकांनी माझं माप डोळं झाकून घेतलं,” तो म्हणाला. “उद्यापासून मलाच माझं माप खरं वाटनार न्हाय.”

जमिलाबीने त्याच्यासमोरचं ताट झाकलं. “फोन लावा,” ती म्हणाली. “जेवन पळून जात न्हाय.”

हैदराबादची इंजिनियर हुमेरा मूळची उमरग्याची. कड्यांच्या वेळी ती दोनदा वर्कशॉपवर येऊन गेली होती, लेथजवळ स्टूल ओढून तासभर त्याचं काम बघत बसली होती. तिचा नंबर लावताना त्याचं बोट दोनदा चुकलं. पलीकडून माणसांचा गलका ऐकू आला. ती श्रीहरिकोट्यातच होती.

“चाचा, उद्या बघताय ना?”

“बेटा, मेहरबानी करून बाजूला येऊन ऐक.”

त्याने सांगितलं. सांगताना त्याचा आवाज कापत होता, पण नंबर सांगताना कापला नाही. पलीकडचा गलका कमी होत गेला, मग एक दार लागल्याचा आवाज आला.

“एकोणीस ते चोवीस. नक्की?”

“नक्की.”

“थांबा.” कागद उलटल्याचे आवाज येत राहिले. चाँदपाशाने डोळे मिटले. त्याला वाटलं, आत्ता ती म्हणेल, नाहीत त्यातल्या, काळजी करू नका.

“सात आणि एकवीस लावल्यात,” हुमेरा म्हणाली.

चाँदपाशाने डोळे उघडले.

“बेटा, माझी चूक हाय. मालकाची न्हाय.”

“ते नंतर बघू चाचा. मला वर सांगायला जायला पायजे.” आणि फोन बंद झाला.

तो वर्कशॉपवर परतला आणि सिद्धेश्वरला म्हणाला, “सांगितलं.” संध्याकाळी मोबाइलवर दोन ओळींची बातमी आली, तांत्रिक कारणास्तव उड्डाण पुढे ढकललं. शाळेच्या लोकांना पडदा नको म्हणून सिद्धेश्वरनेच कळवलं.

चार दिवसांनी हुमेराचा फोन आला. झडप उघडून कडी काढली होती. एकवीस नंबर तीन शतांशाने लहान भरली.

“मग ते... झालं असतं का काय?” चाँदपाशाने विचारलं.

“सांगता येत नाही चाचा. इंधन लई थंड असतं, धातू आकसतो. गळाली असती, नाहीतर काहीच झालं नसतं. खरंच सांगता येत नाही.”

“न्हाय का.”

“कड्या आता दुसरीकडून घेतल्यात. वरून तसं ठरलं. मी बोलले होते तुमच्यासाठी.” ती थोडी थांबली. “सॉरी चाचा.”

“असू दे बेटा.”

सिद्धेश्वर त्याला एका शब्दाने बोलला नाही. पेपरातला फोटो त्याने काचेखालून काढला, तोही चाँदपाशा सुट्टीवर असताना. नाक्यावरच्या पानवाल्याला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्याने हात करायचं सोडलं. लेथवर पुन्हा शाफ्ट येऊ लागले. चाँदपाशा आता मोजून झालं की पुन्हा मोजायचा, मग नग बाजूला ठेवून, परत उचलून मोजायचा. दिवसाला जेवढं काम व्हायचं त्याच्या निम्मं होऊ लागलं.

उड्डाणाला तीन आठवड्यांनी नवी तारीख मिळाली. सकाळी कामावर जायच्या आधी त्याने जमिलाबीचा मोबाइल भिंतीला टेकवून ठेवला आणि समोर जमिनीवर बसला. अंगात अजून बनियनच होतं. आकडे उलटे मोजले जाऊ लागले तसं त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. खाली धूर झाला, मग तो पांढरा दांडा हळूहळू उचलला गेला, आणि सरळ वर, लहान होत गेला. झडपा कधी मिटतात ते हुमेराने त्याला एकदा सांगितलं होतं, दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दोन मिनिटं चाळीस. पंचेचाळीस. पन्नास. मोबाइलमधली माणसं उठून टाळ्या वाजवू लागली, एकमेकांना मिठ्या मारू लागली. त्या गर्दीत त्याने हुमेराला शोधलं, पण चेहरे फार बारीक होते.

“तुमची कडी होती का त्यात?” जमिलाबीने विचारलं.

“न्हाय. आता आपलं काय न्हाय त्यात.”

“मग एवढा घाम?”

तो उठला आणि खुंटीवरचा शर्ट त्याने अंगात घातला. वरचं बटण काजात जाईना. त्याने दोनदा प्रयत्न केला, मग हात खाली सोडून तो नुसता उभा राहिला.

जमिलाबी जवळ आली. काही न बोलता तिने वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावलं, कॉलर सरळ केली आणि बाजूला झाली. चाँदपाशाने सायकल बाहेर काढली. कामावर जायला त्याला उशीर झाला होता.