पुढे दिलेला प्याला

स्टीलचा प्याला सुनीलनं ओठांपाशी नेला आणि तो तिथंच थबकला. वास आला. पुसट, गोड, चांगलाच ओळखीचा.

पाळक शंकरसिंगांच्या पत्नी हंसाबाई प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच प्याल्यातून घ्यायच्या रसासाठी, काळ्या मनुका भिजवून कुस्करायच्या. या खेपेला त्यांनी त्या शुक्रवारीच भिजत घातल्या होत्या, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यानं रविवारपर्यंत आपलं काम चोख केलं होतं. रांगेत आधी प्यालेल्यांना जरा आंबट लागलं असेल, एवढंच. बिचाऱ्या हंसाबाईंनी जन्मात दारू हुंगली नव्हती, त्यांना कसं कळावं?

दारातून कापसाचे तंतू तरंगत तांड्याच्या प्रार्थनाघरात येत होते. मंडळीचं गाणं कुठूनतरी फार लांबून ऐकू यावं तसं येत होतं. होळीपासून सुनीलनं दारूचा थेंब घेतला नव्हता. अंग थरथरायचं तेव्हा शंकरसिंगांनी त्याला अकरा दिवस घरी ठेवून घेतलं, प्रार्थना केली, यवतमाळच्या डॉक्टरांकडेही नेलं. हंसाबाईंनी चमच्यानं पेज भरवली. एका घोटात ते सगळं मातीत जाणार होतं.

पण मंडळीची रीत अशी, की ज्याच्या मनात पाप लपलंय त्यानं प्याला न पिता पुढे द्यायचा. सुनीलनं दिला तर लोक काय समजतील, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि प्रभूच्या प्याल्याला दारूचा वास येतो, हे त्यानं सांगायचं? हंसाबाई तर डोळे मिटून गात होत्या, चेहऱ्यावर केवढं समाधान.

पुरुषांची रांग त्याच्यापाशी संपत होती, बायकांची त्याच्या बायकोपासून सुरू होत होती. त्यानं प्याला तसाच रंजिताला दिला.

गाणं अडखळलं. माना वळल्या. रंजिताचा चेहरा पांढरा पडला.

"तुमी घेतली?" ती कुजबुजली.

"नाई."

"मंग काहून सोडला?"

तो नुसता प्याल्याकडे बघत राहिला.

तिनं प्याला तोंडाशी नेला. बारा वर्षं त्या वासाशेजारी झोपलेली बाई ती. तिचा हात थांबला. तिनं एकदा हंसाबाईंकडे पाहिलं, आणि ओठही न लावता प्याला पुढे, शेजारी बसलेल्या मानीबाईकडे दिला.

"तू बी, रंजिता?" मानीबाईच्या तोंडून निघून गेलं.

"हो, मी बी," रंजिता म्हणाली, आणि सगळ्यांदेखत नवऱ्याकडे सरकून बसली.