भितो तो खोटा

वकीलसाहेबांना माणूस नावाचा प्राणी पुरता कळला होता. एका जाडजूड पुस्तकातून. जुन्या नाशकातल्या आपल्या ओसरीवर पान चघळत ते अशिलांना सांगत, "माणूस जन्मजात लबाड. कायद्याला तो भीत नाही, देवाला भितो. म्हणून तर सरकारनं शपथ ठेवलीय."

सध्याची अशील गुलजारबी. नवरा गेल्यापासून घरातल्या एकुलत्या मागावर, खड्ड्यात पाय सोडून, लुगडी विणून ती थोरल्या लेकीला, नसीमला, आणि चार वर्षांच्या रहेमानला जगवत होती. आता गल्लीतला अब्बासशेठ म्हणत होता, माग माझा, तुझ्या नवऱ्याला नुसता वापरायला दिलेला. कागद कुणाकडेच नव्हता.

तारखेला कोर्टात अब्बासशेठ उभा राहिला. "गुलजारबीनं दर्ग्यात कुराण उचलून माग आपला म्हणावं. मी दावा सोडतो."

वकीलसाहेब खूश. "जिंकलो. खरं बोलणाऱ्याला कसली भीती?"

"मी नाही उचलणार," गुलजारबी म्हणाली.

नसीमनं कपाळावर हात मारून घेतला. अम्मानं दोन लेकरं पुरली होती. शपथ खरी असो की खोटी, ती पोराबाळांवर उतरते, हे तिच्या हाडात बसलेलं. कायदा म्हणतो, शपथेनं तिसऱ्याला धक्का लागू नये. पण कायद्याला रहेमान कुठं दिसतो? अब्बासशेठला बरोबर दिसला होता.

मुन्सफांनी लिहून घेतलं, बाईनं नकार दिला.

बाहेर येताच वकीलसाहेबांनी आवाज खाली आणला. "बाई, आता खरं सांगा, माग कुणाचा?"

"तुमचा का?" नसीम म्हणाली.

"पोरगी फार बोलते."

"मग तुम्ही बोलायचं. आत तर जीभ टाळूला चिकटली होती."

तिचं डोकं तापलेलंच होतं. "त्यालाच उचलायला लावा. उचललं तर माग त्याचा."

वकीलसाहेबांनी डोळे मिटले. "भिईल. नक्की भिईल. पण उचललंच, तर कोर्ट त्याचाच शब्द पक्का धरतं हं."

"उचलतोय कसला. पाच वेळचा नमाजी, नातवाला दिवसभर खांद्यावर घेऊन फिरतो."

"नको गं," अम्मा म्हणाली. "त्याच्याही घरात लेकरू आहे."

"म्हणूनच तर."

नसीम तिला घालूनपाडून बोलत राहिली. शेवटी अम्मानं कागदावर अंगठा उमटवला.

शुक्रवारी अब्बासशेठ दर्ग्यात आला. हातपाय धुऊन वजू केली, कुराण उचललं आणि गिऱ्हाइकाला लुगड्याचा भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात म्हणाला, माग माझा. मग टांगा थांबलाय का, ते कारकुनाला विचारलं. फेटा बांधायला याहून जास्त वेळ लागतो.

"हा अपवाद," वकीलसाहेब म्हणाले. "नियम खराच आहे."

एकही पुस्तक न वाचता नसीमही याच नियमावर घर पणाला लावून बसली होती.

तिसऱ्या दिवशी शेठची माणसं माग खोलून घेऊन गेली. अम्मा दारात उभी होती.

"नसीम, अब्बासभाईकडे जाऊन ये. नातू बरा आहे का बघ."

"मरू दे."

थोबाडीत बसली. अम्माचा हात आजवर कधी उठला नव्हता.

नसीम गेली. नातू पायरीवर बसून पेरू खात होता, नाक वाहत होतं, बाकी ठणठणीत. तिनं येऊन तसं सांगितलं.

"शुकर आहे," अम्मा म्हणाली, आणि रहेमान पडू नये म्हणून मागाच्या मोकळ्या खड्ड्यावर फळ्या टाकू लागली.